वैद्यकाची नवी पाटी आणि रुग्णाचा शब्द

वैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या हाती ई-वाचक आणि टॅबलेट आले, ही घटना केवळ ग्रंथालयाची सोय म्हणून सोडून देण्याजोगी नाही. १८५८ साली प्रथम प्रसिद्ध झालेली ग्रे यांची ‘अ‍ॅनाटमी’ किंवा १९५० पासून आवृत्त्या निघत आलेला हॅरिसन यांचा अंतर्वैद्यकावरील ग्रंथ वॉर्डात काखोटीला मारून नेता येत नसे. आज दोन्ही एका पातळ पाटीत मावतात. २००७ साली आलेल्या ‘किंडल’ने कागदासारखे स्थिर, डोळ्यांना न शिणविणारे पान दिले, परंतु त्याची ई-शाई तेव्हा काळी-करडी होती. विकृतिशास्त्रात ऊतींचा छेद जांभळ्या-गुलाबी रंगांवरून ओळखावयाचा असल्याने तेथे रंगीत पडद्याचा टॅबलेटच उपयोगी पडतो.

या साधनांचा खरा गुण मात्र हलकेपणात नसून शोधात आहे. छापील ग्रंथात सूचिकाराने जे टिपले तेवढेच चटकन सापडते. पडद्यावर कोणताही शब्द क्षणात हुडकता येतो. भारतीय भाषांच्या अभ्यासकाचा प्रश्न येथेच सुरू होतो, कारण शोध हा भाषेच्या घडणीवर अवलंबून असतो. मराठीत ‘घसा’ घशात जातो, ‘डोके’ डोक्यात, ‘डोळा’ डोळ्यांना. केवळ अक्षरे जुळविणाऱ्या यंत्राला ‘डोके’ सांगितले तर ‘डोक्यात’ सापडणार नाही. प्रत्ययबहुल द्राविडी भाषांची अडचण याहून कमी नाही. शिवाय जुना ग्रंथ पानांच्या छायाचित्रांच्या रूपाने साठविला असेल, तर त्यातील अक्षरे डोळ्यांना दिसतात, शोधणाऱ्या यंत्राला दिसत नाहीत.

वैद्यक इंग्रजीतूनच शिकविले जाते, मग ही चिंता कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. माध्यमाचा वाद आपल्याकडे जुना आहे. कलकत्त्यात १८२२ साली देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी संस्था निघाली. १८३५ साली ती बंद होऊन इंग्रजी माध्यमाचे वैद्यक महाविद्यालय आले. पुढे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून वैद्यक शिकविले गेले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये भोपाळ येथे प्रथम वर्षाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली. या साऱ्या वादात विचार झाला तो मुख्यतः शिकविण्याच्या भाषेचा. ऐकण्याच्या भाषेचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला.

मराठी रुग्ण नुसते ‘दुखते’ म्हणून थांबत नाही. त्याचे गळू ठणकते, पोटात कळ येते, पाठीत चमक भरते, छातीत आग होते, काहीतरी सलते. हे भेद अलंकाराचे नव्हेत. थांबून थांबून येणारी कळ आणि अखंड ठणका यांची कारणे बहुधा वेगळी असतात, आणि निदानाचा धागा तेथून सुरू होतो. कागदी नोंदपत्राच्या समासात एखादा डॉक्टर रुग्णाचा शब्द जसाच्या तसा लिहून ठेवू शके. पडद्यावरील तयार चौकटीत अनेकदा एका इंग्रजी शब्दावर बोट टेकविले की काम भागते. रुग्णाचा शब्द तेथे गळतो, आणि पुढच्या डॉक्टरपर्यंत पोहोचत नाही.

हा दोष पाटीचा नव्हे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच आहे. पडदा मराठी शब्द खुशाल दाखवितो. उणीव आहे ती आपल्या कोशकार्यात. वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ पासून काम करीत आहे. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही आता संगणकावर पाहावयास मिळतात. हे कार्य मोलाचे आहे. तथापि त्याची मुख्य वाट इंग्रजी संज्ञेकडून मराठी प्रतिशब्दाकडे जाते, म्हणजे वैद्याकडून रुग्णाकडे. उलट वाटेचा कोश हवा आहे: रुग्णाच्या शब्दाकडून वैद्यकीय संकल्पनेकडे नेणारा, वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी प्रयोगांसह आणि प्रत्येक शब्दाच्या सामान्यरूपांसह.

असा कोश एकट्या डॉक्टरांकडून होणार नाही. बोलींचे सर्वेक्षक, व्याकरणकार, तसेच ओव्या आणि आत्मचरित्रे यांतून देहदुःखाची भाषा अभ्यासणारे वाङ्मयाचे अभ्यासक यांचे ते काम आहे. विद्यापीठांच्या भाषाविभागांनी शेजारच्या वैद्यक महाविद्यालयांशी मिळून ते हाती घ्यावे. नोंदींच्या चौकटी आताच ठरत आहेत. एकदा त्या पक्क्या झाल्या की त्यांत नव्याने जागा मागणे फार अवघड जाईल.