झोपाळ्याचे पेटंट आणि हळदीचा दावा



या सत्रात आमच्या अभ्यासक्रमात ‘बौद्धिक संपदा हक्क’ हा विषय आला. नाव ऐकूनच वर्गाला जांभया येऊ लागल्या होत्या. पण सरांनी पहिले काम दिले ते असे : जगात कोणी कशाकशावर पेटंट घेतले आहे, ते शोधून आणा. जुनी पेटंटे इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचता येतात. मग काय, आम्ही चौघी ग्रंथालयातल्या संगणकासमोरून उठेचनात.

१९८२ साली अमेरिकेत तोंडाला बांधायच्या एका जाळीला पेटंट मिळाले. बोलता यावे, श्वास घेता यावा, पण खाता येऊ नये, हा तिचा उद्देश. १९९५ साली लेझरचा ठिपका जमिनीवर फिरवून मांजरीला व्यायाम देण्याच्या पद्धतीला पेटंट मिळाले. १९९९ साली कडा काढून चारही बाजूंनी बंद केलेल्या सँडविचला मिळाले. आमच्यातली एक म्हणाली, “मग माझ्या दादीच्या करंजीचं काय?” सगळ्यात कडी केली ती मिनेसोटातल्या एका पाच वर्षांच्या मुलाने. झोपाळ्यावर बसून साखळ्या आळीपाळीने ओढायच्या आणि आडवे झोके घ्यायचे, ही त्याची ‘पद्धत’. वडील पेटंटचे वकील होते. अर्ज केला आणि २००२ साली पेटंट हातात पडले! त्याच्या आदल्याच वर्षी ऑस्ट्रेलियात एका वकिलाने चक्क चाकावर छोट्या स्वरूपाचे पेटंट मिळवून दाखवले. नवी सोपी पद्धत किती ढिली आहे, हे त्याला सिद्ध करायचे होते.

पोटभर हसून झाल्यावर प्रश्न उभा राहिला. पेटंट म्हणजे नेमके काय, आणि ते असे कोणालाही कसे मिळते?

पेटंट हा एक सौदा आहे. शोध लावणाऱ्याने आपली युक्ती पूर्णपणे, आकृतीसह, लिहून द्यायची. त्या विषयातल्या जाणकाराला ती वाचून वस्तू बनवता आली पाहिजे. बदल्यात सरकार त्याला ठरावीक काळ हक्क देते, की त्याच्या परवानगीशिवाय ती वस्तू इतर कोणी बनवू किंवा विकू शकत नाही. आपल्याकडे ही मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे. नंतर ते ज्ञान सगळ्यांचे. अट तीन गोष्टींची : युक्ती नवी हवी, जाणकाराला सहज सुचेल अशी नसावी आणि उद्योगात वापरता येण्याजोगी हवी. झोपाळ्याचे पेटंट पुन्हा तपासले गेले तेव्हा रद्द झाले. सँडविचचेही पुढे टिकले नाही.

‘लिहून देणे’ या अटीवर आम्हाला अल-जझारी आठवले. आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकरच्या दरबारातले हे कारागीर. १२०६ साली त्यांनी आपल्या यंत्रांचा ग्रंथ पूर्ण केला. त्यात पाण्यावर चालणारे हत्तीचे घड्याळ आहे, हात धुवायला पाणी देणारी यंत्रे आहेत. विचित्र शोधांत ते कोणाला हार जाणार नाहीत. पण त्यांनी प्रत्येक भाग कसा करायचा, कसा जोडायचा, ते आकृत्यांसह लिहून ठेवले. म्हणून आठशे वर्षांनंतरही लोक ती घड्याळे पुन्हा बनवू शकतात. पेटंटचा कायदा तेव्हा नव्हता. लिहून ठेवण्याची रीत मात्र होती.

आपल्या देशातला पहिला अर्ज १८५६ सालचा. कलकत्त्याच्या जॉर्ज अल्फ्रेड डीपेनिंग यांनी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी तो केला. त्या काळी साहेबांच्या घरात छताला टांगलेला कापडी पंखा दोरीने हलवायला माणूस बसवलेला असे. त्याला पंखेवाला म्हणत. रात्रभर दोरी ओढणारा तो गरीब माणूस, आणि त्याची जागा घ्यायला निघालेले यंत्र! अर्जात शोधकाचे नाव आहे. ज्यांचे हात दुखत होते त्यांचे नाव कुठेच नाही. यंत्र त्यांना सुटका देणार होते की उपाशी ठेवणार होते, यावर आमच्या वर्गात अर्धा तास वाद झाला. तो अजून मिटलेला नाही.

मग आली हळद. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट मिळाले. खरचटलेल्या गुडघ्यावर अम्मीने हळद दाबली नाही असे आपल्यापैकी कोण आहे? आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत शिकलेले. पण ‘आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे’ हे उत्तर तिथे चालत नव्हते; लेखी पुरावा हवा होता. संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने दाखले आणि १९५३ सालचा एका वैद्यकीय नियतकालिकातला लेख धरून ३२ पुरावे जमवले गेले. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. त्या अनुभवातूनच २००१ साली पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले. आयुर्वेद आणि सिद्ध यांच्याबरोबर युनानी हकिमांच्या अरबी, फारसी, उर्दू ग्रंथांतले नुस्खेही त्यात घेतले गेले. ही माहिती परदेशी पेटंट कार्यालयांना त्यांच्या भाषांत तपासता येते.

इथपर्यंत पेटंट म्हणजे दुसऱ्यांनी केलेली लबाडी, असे आमचे मत होऊ लागले होते. औषधांच्या धड्याने ते थोडे वळवले. नवे औषध शोधायला वर्षे लागतात आणि प्रचंड पैसा लागतो. संरक्षण नसेल तर तो कोण घालेल? पण त्या संरक्षणाची किंमत रुग्णाने किती मोजायची? आपल्या १९७० च्या कायद्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट नव्हते, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर होते. त्यामुळे वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवता येई. याच पायावर मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी २००१ साली एड्सवरची तीन औषधे एकत्र, दिवसाला एका डॉलरहूनही कमी खर्चात देऊ केली. २००५ पासून औषधाच्या पदार्थावरही पेटंट मिळू लागले. तरी कायद्यात एक खिडकी ठेवली आहे. यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील एका औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. २०१२ साली पेटंट नियंत्रकांनी सक्तीचा परवाना देऊन ते दुसऱ्या कंपनीला बनवू दिले. किंमत महिन्याला नऊ हजारांच्या आत आली, आणि मूळ कंपनीला विक्रीतला ठरावीक वाटा मिळत राहिला. हक्क आणि गरज दोन्ही सांभाळायचा हा प्रयत्न आम्हाला पटला.

शेवटचा धडा मात्र पुस्तकाबाहेरचा. आमच्यातल्या एकीचे अब्बा मालेगावात लूमवर काम करतात. ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबावा, म्हणून त्यांनी सायकलच्या ब्रेकची तार आणि एक स्प्रिंग लावून युक्ती केली होती. गल्लीतल्या बऱ्याच लूमवर ती आता बसली आहे, पण ती कोणाची हे फारसे कोणाला माहीत नाही. आम्ही हौसेने शोध घेतला. तेव्हा कळले, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत आलेल्या नॉर्थ्रप मागावर याच कामाची यंत्रणा होती. म्हणजे युक्ती नवी ठरत नव्हती. मैत्रीण हिरमुसली. फोनवर अब्बांना सांगितले, तर ते हसून म्हणाले, “म्हणजे बेटा, माझं डोकं बरोबर दिशेनं चाललं होतं की!” सातवीत शाळा सुटलेल्या माणसाला त्याची तार आणि मोठ्या कंपनीचे इंजिनिअर एकाच अडचणीशी झुंजत होते, हे समजल्याचा आनंद झाला होता.

पण समजा, युक्ती खरोखर नवी असती तर? ती गल्लीभर पसरल्यावर पेटंट मागण्याची वेळ निघून गेली असती. म्हणून आपल्या घरच्या मुलामुलींसाठी दोन-तीन गोष्टी सांगून ठेवतो. प्रदर्शनात मांडण्याआधी किंवा व्हिडिओ टाकण्याआधी आपली कल्पना नवी आहे का, ते शोधा. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसारखे मोजके अपवाद सोडले, तर आधी जाहीर केलेली गोष्ट ‘नवी’ राहत नाही. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये आहे. तपासणीची फी वेगळी. सुरुवातीला तात्पुरता अर्ज करून पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. मुंबईचे पेटंट कार्यालय अँटॉप हिलला आहे.

पेटंट घ्यायचे नसेल तर निदान लिहून ठेवा. या सुट्टीत आपल्या दादी-नानीकडून एक घरगुती उपाय, आणि अब्बा, चाचा किंवा मामूंकडून कामावरची एक युक्ती विचारून घ्या. वहीत तारीख, नाव आणि आकृती घाला. आमच्या चौघींच्या वह्यांचे पहिले पान मालेगावच्या त्या तारेने भरले आहे.

पुढच्या महिन्यात याच पानावर ट्रेडमार्कबद्दल बोलू.