सर्टिफिकेटचं आयुष्य ४७ दिवसांवर येतंय. मग कॅडीसारखा सर्व्हर का महत्त्वाचा?

एखादी साइट उघडायला जावं आणि फोनवर 'तुमचं कनेक्शन खाजगी नाही' असा इशारा यावा, हे तुमच्याही बाबतीत कधीतरी झालं असेल. अनेक जण 'ॲडव्हान्स्ड' दाबून सरळ पुढे जातात. या इशाऱ्यामागे दर वेळी हॅकर असतोच असं नाही. बऱ्याचदा साइटच्या सर्टिफिकेटची तारीख उलटलेली असते, बस्स. पण ही तारीख आता फार लवकर लवकर उलटणार आहे.

नेमका बदल काय?

ब्राउझर बनवणाऱ्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्यांचा सीए/ब्राउझर फोरम नावाचा एक मंच आहे. एप्रिल २०२५ मध्ये या मंचाने ॲपलचा एक प्रस्ताव मंजूर केला. तोपर्यंत एचटीटीपीएस सर्टिफिकेट जास्तीत जास्त ३९८ दिवस चालायचं. नव्या नियमानुसार ही मर्यादा १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस.

गाडीची पीयूसी दर दीड महिन्याला काढायला सांगितली तर कसं वाटेल? साइट चालवणाऱ्यांपुढे तसंच काहीसं आहे. एक साइट असेल तर जमेल. एखाद्या कंपनीच्या दोनशे सबडोमेन असतील तर हाताने करणं अशक्य.

मग आयुष्य कमी का करायचं?

कारण चुकीचं सर्टिफिकेट बाजारात आलं की ते लवकर मरणंच बरं. याचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. जुलै २०१४ मध्ये आपल्या एनआयसीच्या अखत्यारीतून गूगलच्या काही डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेट निघाल्याचं गूगलच्या लक्षात आलं. अशा सर्टिफिकेटच्या जोरावर कुणीही 'मीच गूगल' म्हणून मध्ये बसू शकतो. सर्टिफिकेट रद्द करता येतं, पण 'हे रद्द झालंय' ही बातमी प्रत्येक फोनपर्यंत वेळेत पोचेलच याची खात्री नसते. मुदत छोटी असली की नुकसानही मर्यादित राहतं.

कॅडी इथे कुठे येतो?

वेब सर्व्हर म्हणजे तुमच्या ब्राउझरला साइटची पानं देणारा प्रोग्राम. कॅडी हा असाच एक ओपन सोर्स सर्व्हर, गो भाषेत लिहिलेला. मॅट होल्ट या अमेरिकन डेव्हलपरने विद्यार्थी असताना तो बनवला आणि २०१५ मध्ये लोकांसमोर आणला. त्याच वर्षाच्या शेवटी लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था सगळ्यांसाठी खुली झाली आणि कॅडीने तिला थेट जोडून घेतलं.

कॅडीच्या सेटिंग फाइलमध्ये फक्त डोमेनचं नाव लिहायचं. सर्टिफिकेट मागणं, बसवणं आणि मुदत संपायच्या आत नवं आणणं ही कामं तो स्वतः करतो. यामागे एसीएमई नावाचा प्रोटोकॉल आहे. लेट्स एन्क्रिप्ट म्हणते, 'डोमेन तुझंच असेल तर या पत्त्यावर ही खूण ठेवून दाखव.' कॅडी ती ठेवतो, ती येऊन तपासते आणि सही करून देते. पासपोर्टसाठी घरी येणाऱ्या पोलिस पडताळणीसारखंच, पण काही सेकंदांत.

नेहमीच्या पद्धतीत एक तृतीयांश मुदत शिल्लक असतानाच कॅडी नव्या सर्टिफिकेटच्या मागे लागतो. २०२४ च्या २.८ आवृत्तीपासून तो 'कधी नूतनीकरण करू?' हे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेलाच विचारतो. हा बदल दिसायला किरकोळ, पण मोलाचा आहे. मार्च २०२० मध्ये एका बगमुळे लेट्स एन्क्रिप्टवर ३० लाखांहून जास्त सर्टिफिकेट अचानक रद्द करण्याची वेळ आली होती. अशा वेळी ईमेल पाठवून माणसांना जागं करण्यापेक्षा सर्व्हरलाच 'आत्ता बदल' सांगणं केव्हाही चांगलं.

विसरायला मोठ्या कंपन्याही अपवाद नाहीत. ३ फेब्रुवारी २०२० ला मायक्रोसॉफ्ट टीम्स काही तास बंद पडलं, कारण एका सर्टिफिकेटची मुदत संपली होती. त्यामुळे इतरही याच वाटेवर आलेत. अपाचेकडे यासाठी मॉड्यूल आहेच, आणि एनजिनएक्सने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःच्या एसीएमई मॉड्यूलची चाचणी आवृत्ती आणली. कॅडीचा हट्ट दहा वर्षांत सगळ्यांची गरज बनला.

अजून काय चाललंय?

एप्रिल २०२५ च्या २.१० आवृत्तीत ईसीएचची सोय आली. एचटीटीपीएस असूनही तुम्ही कोणत्या साइटवर जाताय ते नाव आजवर कॅफेच्या वायफायवाल्याला दिसू शकायचं. ईसीएच ते नाव झाकतं. मात्र त्यासाठी साइटवाल्याला डीएनएसचा प्लगिन जोडावा लागतो, म्हणजे हे आपोआप सगळीकडे होणार नाही.

पैशांचा प्रश्नही आहेच. २०१७ मध्ये कॅडीच्या तयार फाइल्सवर व्यावसायिक वापरासाठी शुल्क लावलं गेलं. त्यावरून बरीच टीका झाली आणि २०१९ मध्ये ती अट मागे घेतली गेली. आज तो अपाचे २.० परवान्याखाली मोफत आहे. पण मोफत सॉफ्टवेअर सांभाळायला माणसं लागतात, आणि सर्टिफिकेटचं काम यंत्रावर सोपवलं की त्या यंत्राची देखभाल आणखी महत्त्वाची होते. कॅडीवर धंदा चालवणाऱ्या कंपन्यांनी प्रायोजक व्हावं ही अपेक्षा रास्त आहे.

तुमच्यासाठी दोन गोष्टी

पहिली, मुदत संपल्याच्या इशाऱ्याला सरावू नका. नूतनीकरण आपोआप होत असताना असा इशारा आला, तर काहीतरी खरंच बिघडलंय असं समजा. बँक किंवा पेमेंटच्या पानावर तर लगेच मागे फिरा.

दुसरी, सर्टिफिकेट फुकट आणि काही सेकंदांत मिळतं, तसं ते फसवणाऱ्यालाही मिळतं. तुमचा डेटा वाटेत कुणी वाचत नाहीये आणि तुम्ही पत्त्यात लिहिलेल्या डोमेनशीच बोलताय, एवढंच एचटीटीपीएस सांगतं. समोरचा माणूस प्रामाणिक आहे याची हमी ते देत नाही. म्हणूनच क्रोमने २०२३ मध्ये ॲड्रेस बारमधलं कुलूप काढून टाकलं. डोमेनचं स्पेलिंग मात्र तुम्हालाच वाचावं लागेल. तेवढं काम कोणताही सर्व्हर तुमच्यासाठी करणार नाही.