पळावे की थिजावे?

टोपलीतली केळी जरा जास्त पिकली की त्यांच्याभोवती चिलटे जमतात. हात उगारला तरी ती सहसा सापडत नाहीत. याचे कारण 2008 मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने टिपले. झडप कोणत्या दिशेने येते आहे हे ओळखून चिलट उडी मारण्याआधीच पाय आणि अंग नीट सावरून घेते. या साऱ्या तयारीला सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा लागतो.

पण उडायला वावच नसेल तर? पोर्तुगालमधील लिस्बन शहरात मार्ता मोइता व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासले. चिलटाला झाकलेल्या छोट्या जागेत ठेवून त्यांनी वरच्या पडद्यावर एक काळा ठिपका झपाट्याने मोठा होत जाताना दाखवला, जणू कोणी शिकारी अंगावर येत आहे. बरीच चिलटे जागच्या जागी थिजली. काही तर कित्येक मिनिटे हलली नाहीत. जे त्या क्षणी हळू चालत होते ते बहुधा थिजले, जे वेगात होते ते बहुधा पळाले. हे थिजणे मज्जापेशींच्या एका जोडीवर अवलंबून असल्याचे 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. ती जोडी बंद केली, तेव्हा चिलटे थिजेनाशी झाली. पळणे मात्र शाबूत राहिले.

याच गटाला 2020 मध्ये आणखी एक गोष्ट दिसली. एकट्या चिलटापेक्षा घोळक्यातली चिलटे कमी थिजतात. शेजारचे चिलट हलू लागले की इतरांनाही धोका टळल्याची खूण पटते.

चिलट आणि मूल यांची बरोबरी होऊ शकत नाही, हे खरे. पण भीतीने थिजणे माणसातही आहे. फळ्यापुढे उभे केलेले मूल आवाज चढताच गप्प होते. आपण म्हणतो, "बघा, किती हट्टी! तोंड उघडत नाही." अशा वेळी आणखी ओरडणे म्हणजे तो काळा ठिपका आणखी मोठा करणे होय. अम्मी-अब्बांनी आणि आम्हा शिक्षकांनी दोन गोष्टी करून पाहाव्यात. आवाज खाली आणावा आणि त्याच्या भावंडाला किंवा शेजारच्या मुलाला आधी बोलू द्यावे. सोबतीचे बोलू लागले की थिजलेली जीभही हळूहळू सुटते.