विश्लेषण : गोल रोनाल्डोचे, फायदा कोणाचा?

एएफसी चॅम्पियन्स लीग टू स्पर्धेत एफसी गोवा आणि सौदी अरेबियाचा अल नासर हे संघ एकाच गटात आले, तेव्हा चर्चा झाली ती एकाच नावाची. प्रत्यक्षात २२ ऑक्टोबर २०२५ रोजी फातोर्डा येथे झालेल्या सामन्यासाठी क्रिस्टियानो रोनाल्डो भारतात आलाच नाही. अल नासरने सामना २-१ असा जिंकला. गोव्याकडून ब्रायसन फर्नांडिसने गोल केला. तरीही सर्वाधिक बोलले गेले ते रोनाल्डोच्या गैरहजेरीबद्दल. वयाची चाळिशी गाठल्यावरही हे वलय कसे टिकते आणि त्याचा फायदा कोणाला होतो?

वलयामागची कामगिरी कोणती?

पोर्तुगालच्या मदेरा बेटावर १९८५ मध्ये जन्मलेला रोनाल्डो २००३ मध्ये स्पोर्टिंग लिस्बनकडून मँचेस्टर युनायटेडकडे गेला. २००९ मध्ये रेआल माद्रिदने त्याच्यासाठी तेव्हाची विक्रमी ८ कोटी पौंडांची किंमत मोजली. माद्रिदसाठी त्याने ४३८ सामन्यांत ४५० गोल केले. पाच बॅलन डी’ओर, पाच चॅम्पियन्स लीग आणि २०१६ चा युरो करंडक त्याच्या नावावर आहे. २००६ ते २०२२ या काळातील पाचही विश्वचषकांत त्याने गोल केले, पण बाद फेरीत एकही नाही आणि करंडकही नाही.

सौदीला काय मिळाले?

डिसेंबर २०२२ मध्ये तो अल नासरमध्ये दाखल झाला आणि क्लबचे इन्स्टाग्रामवरील चाहते काही आठवड्यांतच नऊ लाखांहून कमी होते ते एक कोटीच्या पुढे गेले. पुढच्याच वर्षी करीम बेन्झिमा आणि नेयमार सौदी क्लबांकडे आले. सौदीच्या सरकारी गुंतवणूक निधीने अल नासरसह चार क्लबांची मालकी घेतली. तेलावरचे अवलंबित्व कमी करण्याच्या ‘व्हिजन २०३०’ योजनेत खेळाला महत्त्वाचे स्थान आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सौदीला २०३४ च्या विश्वचषकाचे यजमानपदही मिळाले. मानवी हक्कांवरून होणारी टीका झाकण्यासाठी खेळाचा वापर होतो, असा आक्षेप मात्र कायम आहे.

मैदानावर काय घडले?

२०२३-२४ मध्ये ३५ आणि २०२४-२५ मध्ये २५ गोल करून रोनाल्डो सौदी लीगमध्ये दोन्ही वेळा अव्वल ठरला. विजेतेपद मात्र अनुक्रमे अल हिलाल आणि अल इत्तिहादने पटकावले. तरीही जून २०२५ मध्ये अल नासरने त्याचा करार २०२७ पर्यंत वाढवला. त्याची किंमत केवळ करंडकांत मोजली जात नाही, हेच यातून दिसते.

भारतासाठी यात धडा कोणता?

सप्टेंबर २०२४ मध्ये समाजमाध्यमांवरील त्याच्या अनुयायांची एकत्रित संख्या १०० कोटींवर गेली. हे चाहते खेळाडूचे आहेत. तो क्लब बदलतो तसे तेही बदलतात. त्यामुळे अशा लोकप्रियतेने लीगकडे लक्ष वेधता येते, पण लीग उभी करता येत नाही. त्यासाठी नियमित सामने आणि स्थिर व्यवस्था लागते. रोनाल्डो येणार की नाही याची चर्चा भारतात रंगली होती, तेव्हा व्यावसायिक हक्कांच्या करारावरील अनिश्चिततेमुळे इंडियन सुपर लीगचा हंगामच सुरू झालेला नव्हता. ब्रायसनसारख्या खेळाडूंसाठी खरा प्रश्न तोच होता.