विचारायचं कुणाला?

लोअर परळ, प्रभादेवीच्या काचेच्या इमारतींत रोज सकाळी माना डोलावण्याचा एक कार्यक्रम असतो. उभ्याउभ्या उरकायच्या बैठकीत कुणी म्हणतो ‘पाइपलाइन तुटली’, कुणी म्हणतो ‘बिल्ड अडकला’. आणि लालबागहून, गिरगावातून आलेला नवा अभियंता मान डोलावतो. त्याला काही कळलेले नसते. रात्री घरी तो ते शब्द गुपचूप शोधतो आणि आपली निवड चुकून झाली हे एक दिवस उघडे पडणार, या धास्तीत झोपतो. या अवस्थेला आता ‘इम्पोस्टर सिंड्रोम’ असे रुबाबदार नाव आहे. कंपन्या त्यावर वेबिनार भरवतात, श्वसनाचे व्यायाम शिकवतात. दुखणे नव्याच्या डोक्यात आहे असे एकदा ठरले, की कचेरीला काही बदलावे लागत नाही.

पॉलीन क्लान्स आणि सुझान इम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली ही भावना कर्तबगार स्त्रियांमध्ये नोंदवली, तेव्हा घराच्या आणि समाजाच्या अपेक्षांशी तिचे नाते जोडले होते. वेबिनारमधून नेमके तेवढेच गळते.

उपरेपण बाहेरून कसे घडवतात, हे या इमारती जिथे उभ्या आहेत त्या गिरणगावाला सांगायला नको. कापड गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पैसा जास्त. पण तिथे दलित कामगाराला शिरू देत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि सवर्ण कामगारांच्या मानगुटीवर विटाळाचे भूत होते. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. त्या कामगाराला साचा चालवता येत नव्हता, कारण साच्यापाशी त्याला कुणी उभेच केले नव्हते.

गिरणीत माणसे भरणाऱ्या जॉबरच्या राज्याचेही गोडवे गाण्याचे कारण नाही. गाववाल्याला, जातवाल्याला आत घ्यायचे, वर दस्तुरी उकळायची. बदलीवाला पाळीच्या वेळी दाराशी ताटकळत राही. पण आत गेलेला पोरगा जाणत्याच्या शेजारी उभा राहून, त्याचे हात बघून तुटलेला धागा जोडायला शिके. त्याला काही येत नाही हे सगळ्यांनी धरूनच चाललेले असे; लपवण्यासारखे काही नव्हते. आज माटुंग्याला असलेली व्हीजेटीआय १८८७ साली निघाली, तीही गिरण्यांना तंत्रज्ञ मिळावेत या हेतूने. शिकवावे लागते, हे त्या काळालाही कळत होते.

आताच्या कचेरीत पहिल्या दिवशी लॅपटॉप, गळ्यात ओळखपत्र, चार दिवस स्लाइड; मग काम अंगावर. विचारायचे ज्याला, तो हेडफोन लावून बसलेला. यंत्रणा ज्यांनी उभारली ते नोकरी सोडून गेलेले, आणि त्यांनी लिहून ठेवलेली टिपणे कधीच शिळी झालेली. शेजारचा बिनधास्त विचारतो, कारण त्याच्या घरी या गोष्टी जेवताना बोलल्या जातात. चाळीतल्या पोराची प्रश्न इंग्रजीत जुळवण्यापासून तयारी; तो जुळेपर्यंत बैठक संपते.

तंत्रज्ञान रोज बदलते, कोण कुणाला शिकवत बसणार, असे यावर म्हटले जाते. पण रोज बदलते म्हणूनच पंधरा वर्षे मुरलेल्यालाही निम्मे कळत नसते. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य तो बिनघोर उच्चारू शकतो, कारण त्यावरून त्याची लायकी कुणी ठरवत नाही. नव्याने तेच म्हटले, तर पक्की नेमणूक लांबण्याची भीती. ही भीती व्यायामाने जात नाही. १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा शिकण्याला कामाच्या ठिकाणी वेळ आणि जागा देतो. पूर्ण पगारावर घेतलेल्या नव्या माणसाला मात्र ती मुभा नाही, त्याने येतानाच सगळे शिकून यावे!

उपाय महागडा नाही. प्रत्येक नव्या माणसाला एक जाणता नेमून द्यावा, त्या जाणत्याचे इतर काम तेवढे कमी करावे, आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला नाक मुरडू नये. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात नवा माणूस काय शिकला याचा जाब त्याला द्यावाच लागतो. त्याला कुणी काय शिकवले, हा जाब त्याच्या वरिष्ठाकडूनही घ्या, आणि वरिष्ठाची पगारवाढ त्या उत्तरावर ठेवा.