अंगावरून वारं जातं तेव्हा



गेल्या महिन्यात जुन्या जालन्यातल्या आमच्या बैठकीला एक नेहमीची बाई आली नाही. चौकशी केली तर कळले, पहाटे भाकरी थापता थापता तिचा उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले. अंगावरून वारं गेलं म्हणून घरच्यांनी तेल चोळले. दवाखाना गाठेपर्यंत संध्याकाळ झाली. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तिचे वय ४५. तिचा रक्तदाब शेवटचा मोजला तो १३ वर्षांपूर्वी, बाळंतपणात. नवऱ्याला मात्र रक्तदाबाची गोळी रोज चालू आहे, आणि त्याची कमी मिठाची भाजी तीच वेगळी काढायची!

तिच्या जावेने मला विचारले, "ताई, तेलानं होतं का हे?"

तेलाचा संबंध आहे. लिनोलेइक नावाचे मेदाम्ल आपले शरीर तयार करू शकत नाही. खाल्ले तरच ते रक्तात येते. जपानमधल्या एका अभ्यासात (२००२) ज्यांच्या रक्तात ते जास्त होते, त्यांच्यात गुठळीचा पक्षाघात कमी दिसला. हे मेदाम्ल भरपूर कशात? करडईच्या तेलात, जवळजवळ ७० टक्के. आपल्याच मराठवाड्याचे पीक, ज्वारीच्या रानात ओळीने घेतले जाणारे. जवसाच्या चटणीतही चांगले मेद आहेत. स्वस्त म्हणून घरात येणाऱ्या पामतेलात लिनोलेइक १० टक्क्यांच्या आसपास. तेच तेल आपण भज्यांना, मग फोडणीला पुन्हा पुन्हा तापवतो.

पण नुसते तेल बदलून पक्षाघात टळत नाही. २२ देशांतल्या अभ्यासात (२०१०) सर्वांत मोठे कारण निघाले वाढलेला रक्तदाब. त्यामागे मीठ आहे, आणि तंबाखूही पक्षाघाताचा धोका वाढवते. आपल्या मिसरीला कोणी तंबाखू म्हणतच नाही, हे वेगळेच. शिवाय रोजंदारीवरच्या बाईला "करडईचं तेल खा" सांगणे सोपे, विकत घेणे नाही. ते रेशनवर का मिळू नये, हे आपण विचारायला हवे. तिशीपुढच्या सर्वांचा रक्तदाब तपासण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. आपापल्या उपकेंद्रात बायकांची तपासणी होते का, तेही विचारा.

पुढच्या बैठकीला आम्ही रक्तदाबाचे यंत्र आणणार आहोत. त्या बाईची आठवीतली मुलगी सध्या शाळा सोडून आईचे करते आहे. बैठक झाली की आम्ही तिच्या वडिलांना भेटायला जाऊ.