जाणं जमतं, येणं अडतं : वीज बनवणाऱ्या परळीतला चार्जिंगचा प्रश्न

परळी वैजनाथ हे गाव महाराष्ट्राला दोन गोष्टींसाठी माहीत आहे. एक वैद्यनाथाचं देवस्थान आणि दुसरं औष्णिक विद्युत केंद्र. 1971 मध्ये 30 मेगावॅटच्या संचापासून इथली वीजनिर्मिती सुरू झाली. पुढं 210 मेगावॅटचे संच आले, म्हातारे झाले, बंद पडले. आज 250 मेगावॅटचे तीन संच, म्हणजे एकूण 750 मेगावॅटची क्षमता इथं उभी आहे. कोळसा बाहेरून येतो, वीज बाहेर जाते. मागं राहते ती राख.

आणि याच परळीत कुणी इलेक्ट्रिक कार घ्यायचं म्हटलं की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात, "चार्ज कुठं करणार?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पेट्रोल शंभरी पार करून बसलं आहे. छोटे व्यापारी, शिक्षक, प्रवासी गाडी चालवणारे तरुण हिशेब मांडायला लागले आहेत. हिशेब इलेक्ट्रिक गाडीच्या बाजूनं लागतोही. पण जिल्ह्याबाहेर जायचा विषय निघाला की सगळे गप्प होतात.

हिशेब काय सांगतो?

मध्यम आकाराची इलेक्ट्रिक कार 100 किलोमीटरला साधारण 14-15 युनिट वीज खाते. घरच्या मीटरवर युनिटमागं सुमारे 10 रुपये धरले तर 150 रुपयांत काम भागतं. तेवढ्याच अंतराला 18 चा अ‍ॅव्हरेज देणारी पेट्रोल गाडी साडेपाच लिटर पेट्रोल पिते, म्हणजे पावणेसहाशे रुपये. रोज अंबाजोगाईला जाऊन येणाऱ्या माणसाचं अंतर होतं पन्नास किलोमीटर. त्याला रात्री घरी चार्जिंग लावलं की विषय संपला.

खरी अडचण लांबच्या प्रवासात येते. 45 युनिट क्षमतेची बॅटरी असलेली गाडी हायवेवर एसी लावून पावणेतीनशे किलोमीटर जाईल असं धरू. परळीहून सिरसाळा, तेलगाव, वडवणी करत बीड सुमारे 90 किलोमीटर. तिथून गेवराई, पाचोडमार्गे छत्रपती संभाजीनगर गाठेपर्यंत सव्वादोनशेच्या आसपास. म्हणजे गाडी पोचते. पण परतायचं कशावर? जाणं जमतं, येणं अडतं. 24 युनिटची छोटी, स्वस्त गाडी असेल तर जातानाच वाटेत थांबावं लागतं. आणि आपल्या भागातल्या माणसाला परवडते ती बहुतेक वेळा हीच छोटी गाडी.

अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण तिथून पेशंटला पुढं लातूर, सोलापूर किंवा संभाजीनगरला न्यायला सांगितलं, तर रात्री अकरा वाजता घरातली इलेक्ट्रिक गाडी काढायची हिंमत होईल का? गाडी घ्यायची की नाही, याचा निर्णय बरेच लोक या एका प्रश्नावर घेतात. आमच्या मते ते चुकत नाहीत.

अ‍ॅपवर हिरवा, जागेवर बंद

आम्ही मध्यंतरी एका मित्राच्या गाडीतून मराठवाड्यात असाच एक प्रवास केला. मोबाईलवर वाटेतला चार्जर हिरवा दिसत होता. तिथं पोचलो तर स्क्रीन काळी. जवळच्या टपरीवाल्या चाचांना विचारलं. ते म्हणाले, "बेटा, पाऊस झाल्यापासून बंद आहे. फोन लावा, कुणी उचललं तर मलाही सांगा." शेवटी एका ओळखीच्या माणसाच्या दुकानातल्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर गाडी लावली आणि चार तास बसून राहिलो. चार तासांत मिळाले जेमतेम 13 युनिट.

हे गणित नीट समजून घेतलं पाहिजे. साध्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर तासाला सुमारे 3 युनिट जातात. 45 युनिटची रिकामी बॅटरी भरायला 14-15 तास. घरी 7.2 किलोवॅटचा बॉक्स बसवला तर साडेसहा-सात तास. आणि रस्त्यावरचा 60 किलोवॅटचा जलद चार्जर तेच काम, 10 टक्क्यांपासून 80 टक्क्यांपर्यंत, पाऊण तासाच्या आत करतो. म्हणून लांबच्या प्रवासाला जलद चार्जरच लागतो आणि तो चालू असावा लागतो. बंद चार्जर हा नसलेल्या चार्जरपेक्षा वाईट. नसेल तर माणूस निघतच नाही, बंद असेल तर वाटेत अडकतो.

धोरण कुणासाठी?

राज्य मंत्रिमंडळानं एप्रिल 2025 मध्ये नवं इलेक्ट्रिक वाहन धोरण मंजूर केलं. ते 2030 पर्यंत चालणार आहे. त्यात खरेदीवर सवलत आहे, महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचं उद्दिष्ट आहे. कागदावर चांगलं आहे, आम्ही त्याचं स्वागतच करतो.

पण सर्वात जास्त गाजावाजा झाला तो टोलमाफीचा. पूर्ण टोलमाफी जाहीर झालेले रस्ते कोणते? अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग. समृद्धी 701 किलोमीटरचा आहे, दहा जिल्ह्यांतून जातो. जालना आणि छत्रपती संभाजीनगर त्यात आहेत, बीड नाही. म्हणजे परळीच्या माणसाला या माफीचा लाभ घ्यायचा तर आधी शे-दोनशे किलोमीटर जाऊन समृद्धी गाठावा लागेल. तिथपर्यंतच्या चार्जिंगचं काय, याचं उत्तर टोलमाफीत नाही.

बीड जिल्ह्याला वाट पाहण्याची सवय आहे. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेमार्ग 1995 मध्ये मंजूर झाला. बीडपर्यंत गाडी आली ती 17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. मंजुरीपासून तीस वर्षं. चार्जिंगच्या बाबतीत एवढी वाट पाहिली तर सध्याच्या गाड्या भंगारात गेलेल्या असतील.

कंपन्या का येत नाहीत?

खासगी कंपन्यांना नुसती शिवी देऊन भागणार नाही. त्यांचंही गणित पाहू. समजा, एका 60 किलोवॅटच्या चार्जरवर दिवसाला दोन गाड्या आल्या आणि प्रत्येकीनं 25 युनिट घेतले. युनिटमागं आठ रुपये सुटले असं धरलं तर दिवसाचे 400 रुपये. त्यात जागेचं भाडं, विजेचा स्थिर आकार, देखभाल आणि कर्जाचा हप्ता. कोण येईल? गाड्या नाहीत म्हणून चार्जर नाहीत, आणि चार्जर नाहीत म्हणून गाड्या नाहीत.

दुसरी अडचण तारांमध्ये आहे. आपल्या खेड्यापाड्यांत 63 किंवा 100 केव्हीएचे रोहित्र, म्हणजे आपली डीपी, सर्रास दिसते. 60 किलोवॅटचा एक चार्जर 63 केव्हीएची अख्खी डीपी एकटा खाऊन टाकतो. म्हणजे त्याच्यासाठी नवी डीपी, नवी लाइन हवी. हा खर्च शहरात दहा ग्राहकांत वाटला जातो, गावात एकाच्याच डोक्यावर येतो.

थंड देशानं काय केलं?

इलेक्ट्रिक गाडी थंडीत कमी पळते हे सर्वांना माहीत आहे. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेतल्या शिकागोत कडाक्याच्या थंडीत चार्जिंगसाठी गाड्यांच्या रांगा लागल्या, काही गाड्या जागेवरच थिजल्या. पण त्याहून थंड नॉर्वेत 2024 साली विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळपास 89 टक्के इलेक्ट्रिक होत्या. लोकसंख्या विरळ, डोंगर आणि बर्फ. तरी जमलं कसं?

गाड्यांवरचे कर माफ केले, हे एक कारण. दुसरं आपल्या कामाचं आहे. 2015 पासून तिथल्या सरकारी संस्थेनं मुख्य रस्त्यांवर साधारण दर 50 किलोमीटरला जलद चार्जर उभे राहावेत म्हणून पैसा ओतला. जिथं धंदा होणार नाही तिथं सरकारनं खर्च उचलला. तरीसुद्धा उत्तर टोकाचा फिनमार्क हा विरळ वस्तीचा प्रांत त्या पहिल्या योजनेतून बाहेर राहिला आणि त्याच्यासाठी नंतर वेगळी मदत काढावी लागली. श्रीमंत देशातसुद्धा टोकाचा जिल्हा शेवटी आठवतो. तो आठवून द्यावा लागतो.

आपल्याकडं थंडी नाही, ऊन आहे. मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो. लिथियमच्या बॅटरीला आपल्यासारखंच 20-30 अंशांचं हवामान मानवतं. तापलेल्या बॅटरीला जपण्यासाठी गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते, एसीही वीज खातो. सतत उष्णता राहिली तर बॅटरीचं आयुष्य घटतं. म्हणून आपल्या भागातला चार्जर उघड्या माळावर नको, छपराखाली हवा. ही छोटी गोष्ट आहे, पण निविदा काढणारा मुंबईत बसलेला असेल तर त्याला सुचत नाही.

घरातली तयारी

सगळं सरकारवर सोडून चालणार नाही. 2024 च्या केंद्रीय नियमांनुसार इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र वीजजोडणी मागता येते. ग्रामीण भागात 15 दिवसांत आणि नगरपालिका हद्दीत सात दिवसांत जोडणी देण्याची मुदत आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

गाडी घेण्याआधी वायरमनकडून घराची अर्थिंग तपासून घ्या. जुन्या मोहल्ल्यांतल्या कितीतरी घरांत अर्थिंग नावालाच असते. ती नीट नसेल तर गाडी चार्ज व्हायलाच नकार देते, आणि तिला चकवून चार्ज करणं जिवावर बेतू शकतं. एक्स्टेंशन बोर्डावर गाडी कधीही लावू नका.

ज्यांचं स्वतःचं छत आहे त्यांनी सूर्यघर योजनेचा विचार करावा. 3 किलोवॅटच्या सौर पॅनेलवर 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. ते दिवसाला साधारण 12 युनिट देतात, म्हणजे 80 किलोमीटरचं इंधन. मराठवाड्याला ऊन फुकट मिळतं, त्याचा एवढा तरी फायदा व्हावा. इथली वीज कोळशाची आहे, तिची राख आपणच श्वासात घेतो. छतावरची वीज तेवढी तरी कमी करील.

आणि गॅरेजवाल्यांचं काय?

आपल्या समाजातली कितीतरी घरं गॅरेज, रिक्षा, टेम्पो आणि पंक्चरच्या दुकानांवर चालतात. इलेक्ट्रिक गाडीत ऑइल नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. जे मिस्त्री आज चाळिशीत आहेत त्यांचा अर्धा हुन्नर पुढच्या दहा वर्षांत कमी कामाचा होईल. हे कटू आहे, पण खरं आहे. दुसरीकडं चार्जर बसवणं, दुरुस्त करणं, बॅटरी तपासणं हे नवं काम येतं आहे. त्या काळ्या पडलेल्या स्क्रीनसमोर आम्हाला नेमका असाच एक माणूस हवा होता, जो तालुक्यातच राहतो आणि तासाभरात येतो.

आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक व्हेईकल मेकॅनिकचा अभ्यासक्रम आता आहे. मुलाला गॅरेजात बसवण्याआधी दोन वर्षं तिथं पाठवा. गाडीतल्या नारिंगी वायरींत तीनशे-चारशे व्होल्ट असतात. तिथं बघून शिकण्याची जुनी पद्धत चालणार नाही.

मागायचं काय?

"चार्जर द्या" एवढी मागणी पुरेशी नाही. चार्जर मिळेल, फीत कापली जाईल, फोटो छापून येतील आणि पहिल्या पावसात तो बंद पडेल. आमच्या मते मागण्या नेमक्या हव्यात.

परळी, अंबाजोगाई, तेलगाव आणि बीड इथं एसटी स्थानक किंवा सरकारी दवाखान्याजवळ छपराखाली जलद चार्जर असावेत. प्रत्येक ठिकाणी किमान दोन, म्हणजे एक बिघडला तरी माणूस अडकणार नाही. अनुदान चार्जर बसवल्यावर एकरकमी देऊ नये, तो महिन्यात किती दिवस चालू राहिला त्यावर हप्त्यानं द्यावं. आणि बंद चार्जरची तक्रार कुणाकडं करायची, तो नंबर मराठीत चार्जरवरच लिहिलेला असावा.

हे काही आभाळ मागणं नाही. 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी इथले संच बंद ठेवावे लागले, तेव्हा या भागानं ते सोसलं. त्याआधी आणि नंतरही राख सोसली. पन्नास वर्षांहून जास्त काळ राज्याला उजेड देणाऱ्या गावानं घरी परतण्यापुरती वीज रस्त्यावर मागितली, तर ती मागणी मोठी नाही. आपल्या नगरसेवकाला, आमदाराला, महावितरणच्या कार्यालयाला ती लेखी द्या. तोंडी मागणीची पोच मिळत नसते.